शेवटचा पाना

उत्तर सीमेवरच्या एका घाटात आमचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे मी आणि संपत, दोघेही फौजेत नाईकाच्या हुद्द्यावर, दोघेही व्हेइकल मेकॅनिक. मी न्हावऱ्याचा, तो मांडवगण फराट्याचा. भरती एकत्र, ट्रेनिंग एकत्र आणि नशिबाने पोस्टिंगही एकत्र.

दिवस ठरलेला असे. पीटी, रोलकॉल, मग गाड्या. थंडीत डिझेल तुपासारखं थिजायचं. गाडी चालू करणं हीच आमची लढाई. गोळीबार मी फार थोडा पाहिला, हे सांगितलं की गावातली मंडळी हिरमुसतात.

ट्रेनिंगमध्ये आमचे उस्ताद फळ्यावर फारसं लिहीत नसत. डोळ्यांवर रुमाल बांधून इंजिनपुढे उभं करायचे आणि विचारायचे, "बोलो, क्या कहता है?" डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरली की इंजिन बंद पडतं. ती काढताना एकाने हातपंप मारायचा. दुसऱ्याने स्क्रू ढिला करून बुडबुडे बोटाने जोखायचे आणि नेमक्या क्षणी पाना फिरवून तो आवळायचा. माझी बोटं म्हणजे मुळे. उस्ताद मला पंपावर जुंपत आणि पाना संपतच्या हातात देत.

त्यांचा एक दंडक होता. शेवटचा पाना ज्याने फिरवला, त्यानेच पहिल्या ट्रायलला गाडीत बसायचं. "अपने काम पे भरोसा है तो बैठो!" हे कुठल्या नियमात नव्हतं, तरी युनिटमध्येही आम्ही ते पाळत आलो.

एका दुपारी रेडिओ बोलला.

"रेशनची गाडी घाटात बंद. मागे अँब्युलन्स अडकली. पेशंट सीरियस. ओव्हर."

"मेकॅनिक निघाले. आउट."

अँब्युलन्समध्ये एक जवान होता. उंचीवरच्या हवेने त्याच्या छातीत पाणी झालं होतं. त्याला लवकर खाली नेलं नाही तर तो जाणार, हे त्याच्यासोबतच्या डॉक्टरने आम्हाला स्पष्ट सांगितलं. रस्ता एका गाडीपुरता, डाव्या हाताला दरी.

लाईनमध्ये हवाच होती. संपतने हातमोजा काढला.

"मार पंप."

"मारतोय."

"आनखी. आला बुडबुडा. मार... बास."

त्याने पाना फिरवला. ड्रायव्हरने सेल्फ मारला आणि इंजिन धडधडलं. मी म्हणालो, "संपत, चल आपल्या गाडीत. ही ड्रायव्हर नेईल."

"आन् उस्ताद काय म्हणत्याल?" तो हसला आणि डाव्या बाजूने वर चढला.

पुढे रस्ता जरा रुंद होता. अँब्युलन्सला वाट द्यायला ड्रायव्हरने गाडी बाहेरच्या अंगाला घेतली. बर्फाखाली तिथे रस्ताच नव्हता. गाडी कलली आणि दरीत गेली. ड्रायव्हर दारातून फेकला गेला, म्हणून वाचला. अँब्युलन्स थांबली होती. मीच हात करून तिला पुढे काढलं.

मी दोर धरून खाली उतरलो. गाडी आडवी पडली होती. इंजिन अजून चालू होतं, एकसारखं, न अडखळता. दुरुस्ती चोख झाली होती. संपत गेला होता. इंजिन मी बंद केलं.

तो पेशंट जगला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आजही होत नाही.

पेन्शनवर आलो आणि शिरूरला एका खाजगी केंद्रात डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवू लागलो. दौंडपासूनची पोरं येतात. मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधतो, कारण मला दुसरं शिकवता येत नाही. शेवटचा पाना मात्र मी कुणाला फिरवू देत नाही.

"सर, आम्हाला कवा देणार?" पोरं विचारतात. मी खेकसतो. त्यांना वाटतं, म्हातारा कजाग आहे.

परवा मांडवगणला गेलो होतो. संपतचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. एके काळी त्यांनी घाटमाथ्यापर्यंत मेंढरं फिरवली. आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. दर वेळी ते एकच विचारतात.

"गाडी नीट झाली व्हती ना रं?"

"झाली होती, आबा."

"मंग त्यानं त्यात बसायचं काय काम व्हतं?"

इतकी वर्षं मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. या खेपेला सांगून टाकलं. उस्तादांचा दंडक, माझा पंप, त्याचा पाना. आबांनी माझा हात चाचपडत धरला आणि बोटांवरून अंगठा फिरवला.

"म्हंजी त्याची बोटं चांगली, म्हून पाना त्याच्याकडं."

"व्हय, आबा."

"जरा कमी शिकला आसता," आबा म्हणाले, "तर आज हितं बसला आसता."

आम्हा दोघांत चांगला शिकलेला संपतच होता.