टेकडीवरून आलेला ओटीपी

गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातला कापूस पोखरला, त्या वर्षी मी झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलाकाठच्या गावात शिक्षिका होते. माहेर पुसदचं, म्हणून गावात मी 'पुसदवाली बाई'. शाळा सुटली की माझा बराचसा वेळ ग्रामपंचायतीच्या एकुलत्या संगणकासमोर जायचा, कारण शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरावी लागे. पासवर्ड दर महिन्याला बदला, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाका, एवढं करून पान गोल गोल फिरत बसायचं. मी त्या यंत्राला शिव्या घालायला शिकले ते तिथेच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, कोलाम घरातली. पावसाळ्यात तिच्या आईला फवारणीच्या औषधाची बाधा झाली, तेव्हा ती यवतमाळला दवाखान्यात आईच्या उशाशी बारा दिवस बसून राहिली. परत आली ती एकच ध्यास घेऊन: "बाई, मले नर्स व्हायचं हाय."

बारावी झालेली होतीच. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. सगळं भरून झालं आणि शेवटच्या दिवशी दुपारी पडद्यावर ओळ आली: नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. मुदत तीन मिनिटं.

नोंदवलेला मोबाइल तिच्या वडिलांचा, बटणांचा. ग्रामपंचायतीत जमिनीखालून इंटरनेटची तार आली होती, पण मोबाइलला रेंज गावात कुठेच नव्हती. ती मिळायची फक्त नाल्यापलीकडच्या टेकडीवर. मध्ये कापसाची शेतं.

ठरल्याप्रमाणे ती फोन घेऊन टेकडीवर गेली. मी ठरल्या वेळी बटण दाबलं. नंबर वाचून ती धावत खाली आली, धापा टाकत सहा आकडे सांगितले. पडदा म्हणाला, मुदत संपली.

दुसऱ्या खेपेला आम्ही कापूस वेचणाऱ्या बायकांना गाठलं. टेकडीपासून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत पाच जणी उभ्या राहिल्या. वरून मुलीने आकडा ओरडायचा, एकीने ऐकून पुढचीला ओरडून सांगायचा. वाऱ्यात 'सात'चं 'आठ' झालं. पडद्यावर लाल अक्षरं आली: ओटीपी चुकीचा. एकच प्रयत्न बाकी. त्यानंतर खातं चोवीस तास बंद. अर्जाची मुदत पाच वाजता संपत होती आणि चार वाजून गेले होते.

मी ओट्यावर येऊन बसले. खरं सांगायचं तर रडायला आलं होतं. मुलीची आत्या, जी भिंतीजवळ शेवटची उभी होती, माझ्याजवळ आली. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली.

"बाई, आकडे काहून ओरडून राह्यल्या तुम्ही?"

"मग काय ओरडू?"

"जंगलात डिंकाले जातो आम्ही. तिथं कोनी नाव घेऊन हाका नाही मारत. नाव फाटते वाऱ्यानं. कुकारा द्या, नुसतं 'कूऽ'. जेवढा आकडा, तेवढे कुकारे."

"आणि शून्य आलं तर?"

"काहीच नसन, तं एक लांब कुकारा. मंग कोनाले वाटनार नाही का आपलं आयकाचं राहून गेलं."

ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती.

निरोप शेतांतून टेकडीवर गेला. प्रत्येक आकड्यानंतर दोन श्वास थांबायचं, असंही ठरलं. खिडकी उघडी ठेवून मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. पडद्यावर सेकंद उलटे पळू लागले. बाहेर काही नाही. फक्त वारा.

मग फार लांबून, बारीक, एक कुकारा आला. तो पुढे सरकला, जवळ आला, आत्याच्या गळ्यातून भिंतीपाशी पोचला. चार. मग एक लांब, न तुटणारा. शून्य. मग सात. एका आकड्याचे कुकारे माझ्यापाशी संपत असत, तेव्हा पुढच्याचे मागच्या शेतातून निघालेले असत. कापसाच्या त्या किडक्या वर्षात, ओट्या बांधून उभ्या असलेल्या पाच बायकांमधून एक संख्या चालत येत होती. त्या मेसेजच्या खाली लिहिलेलं असतं, हा नंबर कोणालाही सांगू नका. इथे तो सगळं शिवार ऐकत होतं.

एक. तीन. शेवटचा आकडा मी घाईत मोजला आणि गोंधळले. "पाच का सहा?" मी खिडकीतून ओरडले.

"मले मोजता येत नाही बाई," आत्या म्हणाली. आणि तिने तेच कुकारे पुन्हा दिले, त्याच लयीत, त्याच अंतराने. सहा.

पान फिरत राहिलं. मग हिरवी ओळ आली: अर्ज स्वीकारला.

मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा आत्याने फक्त विचारलं, "झालं ना काम?" आणि ऊन होतं तोवर उरलेल्या ओळी वेचायला निघून गेली. मुलगी टेकडीवरून पळत आली ती सरळ तिच्यामागे शेतात शिरली.

दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. आज ती एका उपकेंद्रात नर्स आहे. मी बदली होऊन बाभुळगावला आले, इथे घरात बसून ओटीपी येतो. क्षणात येतो, मी टाकते, विसरते. पण इतक्या वर्षांत एकाही यंत्राने मला त्या दुपारसारखं थक्क केलेलं नाही.