तीन किलोची माणसं

अर्जुनी मोरगाव तालुक्यात चाळिशीच्या आतला माणूस कितीही मोठा झाला, फौजदार झाला, सभापती झाला, तरी माझ्या मावससासूबाईंसमोर तो जेमतेम तीन किलोचाच असतो. मावससासूबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी. तीस-बत्तीस वर्षं त्या एकाच आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या आणि आसपासच्या बारा-पंधरा गावांतली बहुतेक मंडळी या जगात आली ती त्यांच्याच हातांवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणसं ओळखायची त्यांची रीत तीच राहिली. नावं त्या विसरतात, आडनावं तर त्यांनी कधी लक्षातच ठेवली नाहीत. जन्माचं वजन मात्र विसरत नाहीत. एका लग्नात एक फौजदारसाहेब मोठ्या रुबाबात खुर्चीवर बसले होते. मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “दोन किलो आठशे. पायाळू. लय त्रास देला तुनं मायले.” साहेबांनी टोपी काढली, उठून वाकून नमस्कार केला, आणि नंतर जेवणाच्या पंगतीत ते अगदी गुमान जेवले.

मी स्वतः गोंदिया शहरात, कुणा दुसऱ्याच नर्सच्या हातावर जन्मलो. त्यामुळे मावशींच्या लेखी मी जरा कच्चाच माल. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझं वजन विचारलं होतं आणि मी भोळेपणानं अठ्ठावन्न सांगितलं होतं. “आत्ताचं नाही, तवाचं,” त्या म्हणाल्या. ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या घरात पोरगी द्यावी का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ दिसत होता. पुढं आमचा संसार नीट चालला तेव्हा त्यांनी बहिणीला सांगितलं, “जवाई बाहेरचा आहे, पन टिकला.”

त्यांच्या घरी राहायला जायचं तर थोडी मनाची तयारी लागते. चहा करण्याआधी, फोन उचलण्याआधी, इतकंच काय टीव्ही लावण्याआधीही त्या कोपरापर्यंत हात धुतात. जे म्हणून उकळता येईल ते उकळतात. माझा एक प्लॅस्टिकचा चष्मा त्यांनी असाच स्वच्छ करून दिला होता. त्यातून नंतर फक्त डावीकडचं दिसायचं. आणि दुनियेतली कुठलीही अडचण त्या बाळंतपणाच्याच भाषेत सोडवतात. एकदा आमची एसटी चिखलात रुतली. ड्रायव्हर सारखी रेस देत होता. मावशी पुढं गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “घाई नोको करू. दम घे. आता लाव जोर.” गाडी निघाली. ड्रायव्हर साडेतीन किलोचा होता, हे त्यांनी खाली उतरताना सांगितलं.

तर अशा या मावशींचा मला एकदा फोन आला, “जवाईबापू, तुमची इंग्रजी घेऊन या.” मी शाळेत इंग्रजी शिकवतो. कुणाचं पेन्शनचं कागदपत्र असेल, अशा समजुतीनं मी गेलो. मावशींनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढं केलं. त्यांच्याच गावात जन्मलेला आणि पुढं सालेकशाला मामाकडे वाढलेला एक मुलगा आता मुंबईत होता. त्यानं कसाबसा एक छोटा सिनेमा काढला होता आणि तो म्हणे समुद्रापलीकडच्या एका मोठ्या पुरस्काराच्या शर्यतीत होता. पण तिथल्या लोकांना तो दाखवायचा तर पैसा हवा आणि मुलाकडे तो नव्हता. मावशींनी कुठून तरी त्याचा पत्ता मिळवला होता आणि त्याला ईमेल लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. जन्मात ज्यांनी थेटरात पाय ठेवला नाही, त्या मावशींना सिनेमाचं वेड एकाएकी कुठून लागलं ते मला कळेना.

मुलाचं उत्तर आलं आणि माझा गोंधळ दुप्पट झाला. तीन पानं इंग्रजी होतं, प्रत्येक शब्द मला येत होता आणि एकूण मजकूर डोक्यावरून गेला. गावच्या सेवा सोसायटीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमवून मावशींनी मला उभं केलं. मी समजावून सांगितलं की सिनेमा तयार आहे, चांगला आहे, पण पुरस्कार देणारे हजारो लोक आहेत, त्यांनी तो पाहावा म्हणून जाहिरात करायची, तिकडं सभागृह भाड्यानं घ्यायचं, त्यांना बोलवायचं, चहापाणी करायचं. यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, “चांगला आहे त मंग पैसे कायले? आन वाईट असल त बी कायले?” मी ईमेल पुन्हा वरून चाळायला घेतला. दुसऱ्यानं विचारलं, बक्षीस किती मिळतं. मी मुलाला तिथूनच फोन लावून विचारलं. रोख काहीच मिळत नाही, असं तो म्हणाला. दोघं-तिघं उठून चपला शोधू लागले. शेवटी माजी सरपंचांनी विचारलं, “म्हंजे ते मतं देतेत, आन आपन त्यायच्यापर्यंत पोचाचं?” मी हो म्हणालो. “मंग असं सांगा ना मास्तर. प्रचार होय. उगाच घोळ घालून राहिले.” सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. फक्त मावशींना शंका राहिली. आयुष्यभर निवडणुकीची ड्यूटी केलेली बाई ती. मतदाराला चहा पाजणं आचारसंहितेत बसतं का, हे त्यांनी मला त्या मुलाला लेखी विचारायला लावलं. बसतं, असं उत्तर आलं, तेव्हा कुठं त्या पुढं सरकल्या.

वर्गणीचा दर त्यांनीच ठरवला. जन्माच्या वेळचं वजन, दर किलोला शंभर रुपये. म्हणजे कुणावर फार बोजा नाही आणि कुणाला पळवाटही नाही. मी त्यांच्यासोबत दहा दिवस फिरलो. मावशी बँकेत शिरल्या की रांग आपोआप बाजूला व्हायची. “दोन चारशे,” त्या काउंटरवरच्या माणसाला म्हणायच्या, आणि तो पाकीट काढायचा. तुझी नाळ मी कापली, असं सांगणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार. हुशार माणसांनी वजन कमी सांगून पाहिलं, पण मावशींच्या आठवणीपुढं कुणाचं चाललं नाही. मग उलटंच झालं. गोंदियाचा एक राइस मिलवाला, ज्याची आई बाळंतपणाला इकडं माहेरी आली होती, तो म्हणाला, “मौसी, मैं तो चार किलो का था. माँ हमेशा बोलती है.” मावशी म्हणाल्या, “दोन सातशे. तुही माय खोटं बोलते.” गडी इतका दुखावला की त्यानं हट्टानं चार किलोचे पैसे दिले. ही बातमी पसरली आणि तालुकाभर माणसं आपलं वजन फुगवून सांगू लागली. पन्नाशीचे, साठीचे लोक, जे मावशी नोकरीवर येण्याआधीच जन्मले होते, तेही येऊन म्हणायचे, “बाई, आमचं बी अंदाजे काही धरा ना.” बोदलकशाकडे दिलेल्या एका लेकीनं हाती पैसे नव्हते म्हणून सुकी मासळी पाठवली. ती परदेशी कशी पाठवायची हे मला सुचेना, तेव्हा आम्हीच खाल्ली आणि तिच्या नावचे तीनशे दहा मी भरले.

या सगळ्या धामधुमीत एकदाच मावशी अडखळल्या. चहाच्या टपरीवर कुणी तरी सहज विचारलं, “बाई, त्या पिक्चरवाल्या पोट्ट्याचं वजन किती होतं?” मावशी उठल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत राहिल्या. मला वाटलं, आता वय झालं, विसरल्या असतील.

घरी आल्यावर बायकोनं मला वेड्यात काढलं. “तुम्हाला माहीत नाही? त्या मुलाची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. मावशीच्या हातात.” भर पावसाळा, नाल्याला पूर, दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर अडकलेली, आणि बाईचं रक्त थांबेना. मावशी तेव्हापासून एकच म्हणतात, दोन दिवस आधी तिला अर्जुनीच्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. आणि सिनेमा त्याच बाळंतपणावर आहे, हे त्या कात्रणात शेवटच्या ओळीत छापलं होतं. मी इंग्रजी वाचत बसलो आणि मराठी वाचायचं राहून गेलं.

मग मला कळलं की ही बाई स्वतःवरचं आरोपपत्र साऱ्या दुनियेनं वाचावं म्हणून दारोदार वर्गणी मागत होती. मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं. मुलानं सिनेमा पाहायला मला आधीच लिंक पाठवली होती. तो मी त्याच दिवशी पाहून टाकला आणि दुसऱ्या दिवशी मावशींकडे धावत गेलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “सांगू नका. त्यानं काय दाखवलं असल ते दाखवलं असल. त्याची माय होती. त्याचा हक्क आहे.” मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर बसवून दार लावून घेतलं.

पैसा मुलाकडे पोहोचला. त्यातून तिकडच्या शहरात एका दुपारपुरतं लहानसं सभागृह मिळालं. मतदार अकरा आले आणि त्यातले दोन झोपले, असं मुलानं प्रामाणिकपणे कळवलं. “आमच्या मीटिंगले बी दोघं झोपतच होते,” मावशी म्हणाल्या. पुढं यादी लागली, त्यात आपला पिक्चर नव्हता. तालुक्यात याचं फारसं दुःख झालं नाही. माजी सरपंच म्हणाले, पहिल्या निवडणुकीत कोण निवडून येतं.

उन्हाळ्यात मुलगा वर्गणीदारांना सिनेमा दाखवायला स्वतः आला. सोसायटीचं धानाचं गोदाम तेव्हा रिकामं होतं. भर दुपारी दारं लावली, पांढरा पडदा ताणला, लोक बारदान्यावर बसले. टिनाच्या छपराला भोकं होती, त्यामुळे पडद्यावर उन्हाचे ठिपके पडत होते आणि नायिकेच्या गालावर एक ठिपका शेवटपर्यंत होता. फौजदार आले होते, राइस मिलवाला आला होता. मावशी आत आल्या नाहीत. बाहेर, धान मोजायच्या मोठ्या काट्याशेजारी एका पोत्यावर पाठ करून बसल्या.

नर्सचा भाग आला तसा मी उठून बाहेर गेलो आणि या वेळी त्यांना विचारलंच नाही. शेजारी बसून सांगितलं. सिनेमातली नर्स एक शब्दही बोलत नाही, कुणी तिला काही बोलत नाही. ती बाळाला स्वेटरच्या आत छातीशी धरते, कंबरभर पाण्यातून नाला ओलांडते, आणि पलीकडच्या काठावर पोहोचेपर्यंत कॅमेरा तिच्या मागे मागे जातो. पोहोचली की सिनेमा संपतो. बस, एवढंच.

मावशी समोरच्या धानाच्या रिकाम्या बांधीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “स्वेटर नव्हता. पावसाळ्यात कोन घालते स्वेटर? पदरात बांधला होता. वरून रेनकोट.” आणि त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

आत टाळ्या झाल्या. मुलगा बाहेर आला, तिशीचा, दाढीवाला. सरळ येऊन मावशींच्या पायाशी बसला. वर्गणीचा किस्सा त्याच्या कानावर गेला होता. “बाई, साऱ्यायनं देले. माझेच राहिले. किती होतात माझे?”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. “तुहं वजन नाही केलं मीनं,” त्या म्हणाल्या. “साऱ्यायचं केलं. त्या दिवशी काटा काढाची सुधच नव्हती. तुह्या मायकडे पाहून राहिली होती मी.”

मुलगा उठला, चपला काढल्या आणि धानाच्या काट्यावर चढून उभा राहिला. मावशी नळाकडे गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, चष्मा पुसला, आणि वाकून आकडा वाचला. दोनदा वाचला. मग त्याच्या पाठीवर ओला हात ठेवून म्हणाल्या, “बरा आहे.”

त्याच्याकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत. सात हजार शंभर म्हणजे फार होतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता वय झालंय, वजनंही हळूहळू विसरायला लागल्यात. परवा मला फौजदाराचं साडेतीन सांगितलं, मी दुरुस्त केलं नाही. पण संध्याकाळी ओसरीत बसून आपली लेकरं मोजू लागल्या की एक आकडा त्या कधी चुकत नाहीत. साडेतीन, दोन चारशे, दोन सातशे, असं करत करत त्या त्याच्यापाशी येतात आणि त्याच सुरात, तो जन्मलाच तेवढा असावा तशा म्हणतात, “आन तो पिक्चरवाला. एकाहत्तर किलो.”