पुढे मांदेली, मागे घोळ

माझे बाबा वसईतल्या आमच्या गावात बोलघेवडे म्हणून प्रसिद्ध होते. जूनमध्ये इटलीतल्या पदुआच्या संतांचा सण आला की चर्चमधल्या मिस्सेनंतर मांडवात त्यांचं चरित्र सांगायचं काम बाबांचंच. मध्ययुगातले हे संत प्रवचनासाठी नावाजलेले. एका शहरात माणसं ऐकेनात, तेव्हा त्यांनी समुद्राकडे तोंड करून माशांना प्रवचन दिलं आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून रांगेत ऐकत राहिले, अशी कथा आहे. बाबा त्या माशांना सरळ वसईचे करून टाकत. पुढे बोटभर मांदेली, त्यांच्यामागे बोंबील, मग पापलेट, आणि खोल पाण्यात घोळ नि रावस. हे रंगवण्यात ते इतका वेळ घेत की जेवणाची पातेली पुन्हा गरम करावी लागत. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई गेल्यावर मी बाबांना मेलबर्नला, ट्रुगानिनातल्या आमच्या घरी आणलं. त्याआधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण जीभ जड राहिली. ज्या माणसाला गप्प करणं अख्ख्या गावाला जमलं नाही, तो मानेनेच हो-नाही करू लागला. स्पीच थेरपिस्टने बजावलं होतं, बोलत राहिले तर सुधारेल, नाहीतर आहे तेही जाईल. मी रोज त्यांच्या मागे लागायचे, चिडायचे, आणि ते शांतपणे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

बोलायचे ते फक्त माझ्या लेकीशी, तेही वेरिबी साउथच्या जेटीवर. शनिवारी दोघं तिथे गळ टाकून बसत. एकदा मी थर्मास द्यायला गेले तर बाबा पाण्याकडे बघत माशांचीच गोष्ट सांगत होते. अडखळत, रुमालाने ओठ पुसत, पण सांगत होते. मला बघताच थांबले.

"ममा, यू आर स्केअरिंग द फिश," लेक म्हणाली.

मी चहा ठेवून निमूट परतले आणि गाडीत बसून भरपूर रडले. आनंदानेच.

जूनमध्ये इथल्या वसई-ठाण्याच्या मंडळींनी हॉल घेऊन सण ठेवला. बाहेर इथल्या हिवाळ्याची थंडी मी म्हणत होती. संतांच्या नावाने वाटायचे पाव टोपल्यांत झाकून ठेवले होते. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीने बाबांना विचारलं, "काका, दोन शब्द बोलाल ना?" बाबांनी मानेनेच नकार दिला आणि मफलर तोंडावर ओढून घेतला.

"आय कॅन टेल इट," म्हणत माझी लेक माईकपाशी गेली. इंग्रजीत सुरुवात झकास केली. मग म्हणाली, "सो ऑल द फिश केम. द बिग शार्क्स केम राइट टू द फ्रंट, अँड द लिटल वन्स वेअर अॅट द बॅक."

मफलर खाली आला.

"नाय," बाबा म्हणाले.

सगळे वळले. बाबा खुर्चीला धरून उठले. "पुढे... पुढे मांदेली. मोठे पुढे आले तर ल्हान्यांना काय दिसेल?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबा मात्र गंभीर होते. संतांच्या बाबतीत चूक त्यांना खपत नाही.

"ओके आजोबा, देन यू टेल इट," म्हणत लेकीने माईक त्यांच्यापुढे नेऊन धरला.

आणि बाबा बोलू लागले. पापलेटपाशी जीभ अडली. मागून कुणी शब्द पुरवायला गेलं, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं आणि पापलेट स्वतः पाण्याबाहेर काढलं. जेटीवर इतक्यांदा ऐकलेला क्रम ही पोरगी विसरेल, हे मला काही पटेना. मी डोळे वटारून तिच्याकडे बघितलं, तर तिने हळूच डोळा मारला.

मासे संपल्यावर बाबा संतांच्या मृत्यूवर आले. कित्येक वर्षांनी शवपेटी उघडली तेव्हा देहाची माती झाली होती, पण जीभ जशीच्या तशी होती, हे त्यांनी आपल्या जड जिभेने सांगितलं. तिथे थांबले असते तर फार शोभून दिसलं असतं. पण बाबा कसले थांबतात. "आता त्यांचं लहानपण," म्हणाले, आणि उलटे संतांच्या जन्मगावी, लिस्बनला पोचले. लोक घड्याळं बघू लागले.

नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "अगं, जेवण गार होतंय."

"होऊ दे," मी म्हटलं. "पुन्हा गरम करू."