पाळण्यातला थोरला

माझ्या मुलीच्या पाळण्यात पहिले काही आठवडे एक दगड झोपत असे, आणि त्याच्याबद्दल कुणाचीही काही तक्रार नव्हती.

दगड म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला वरवंटा. बारशाला आमच्याकडे त्याला धुऊनपुसून टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात आणि बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात. बायका पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींच्या हातात देतात, मग बाळाची पाळी येते. समारंभ आटोपला की वरवंटा परत पाट्यावर जातो. आमचा गेला नाही. घरात पाळणा रिकामा ठेवायचा नाही, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं. आणि जिच्यासाठी पाळणा आणला होता ती त्यात पाठ टेकायला तयार नव्हती. मग निदान कुणीतरी असावं म्हणून वरवंटा राहिला, टोपड्यासकट. तीन-चार दिवसांत सासूबाई त्याला ‘थोरला’ म्हणू लागल्या.

“थोरला बघ कसा मुकाट्याने पडून असतो,” त्या माझ्या मुलीला सांगायच्या. “दूध नको, लंगोट नको. आणि तुझे नखरे!”

नखरे होतेच. खांद्यावर असली की ती मेणासारखी मऊ. पाळण्याच्या दिशेने नुसती वाकले तरी तिच्या पाठीची कमान व्हायची, चेहरा लालबुंद, आणि असा आवाज लागायचा की खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू जिन्यात येऊन विचारत, “एमैंदम्मा?” काय झालं, म्हणून. काही झालेलं नसायचं. तिला फक्त आडवं केलेलं असायचं.

बाळंतपणासाठी मी चिक्कडपल्लीला माहेरी आले होते. मम्मी-पप्पा दोघंही नोकरीला जाणारे, म्हणून दिवसभर माझ्यासोबत राहायला सासूबाई हिमायतनगरहून ऑटोने यायच्या. दहाला बेल वाजायची म्हणजे दहालाच. मी त्यांना आई म्हणते आणि माझ्या आईला मम्मी. इंग्लिश मीडियमची कृपा. आई नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अजूनही समोरच्याकडे तो गृहपाठ विसरून आला असणार अशाच नजरेने बघतात.

मी मुळात कमी बोलते, त्यांच्यासमोर आणखी कमी. माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं. मग त्याचं मराठी करायचं, मग त्यात ‘अहो आई’ कुठे बसवायचं ते ठरवायचं. तोवर त्या दुसऱ्या विषयावर, बहुतेक माझ्या जेवणावर, पोचलेल्या असतात.

त्यामुळे त्यांनी स्वतः शिवलेली राईची उशी मी नको म्हटलं नाही. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून तिच्यात राई भरतात. मी ती कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि विचारलं तेव्हा धुवायला टाकली म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, “राई धुवायला इतके दिवस? उगवली का गं आता?”

मी हसले. उशी मात्र बाहेर काढली नाही.

कारण दरम्यान आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. ती सपाट झोपत नाही, आडवं केलं की थोडं दूध वर येतं, हे मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी तिचं वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि हसल्या. कुशीतून खाली उतरायला कुणाला आवडतं, म्हणाल्या. वजन छान वाढतंय, थोडं दूध येऊ दे. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, ढेकर काढा आणि मग पाठीवरच झोपवा. गादी घट्ट, सपाट. चादर ताणलेली. उशी, लोड, गोधडी, खेळणं, काही नको. डोक्याकडची बाजूही उंच करायची नाही. पाळण्याची खीळ लावून ठेवा, हलायला नको. शेवटची गोष्ट सांगताना त्यांचं हसू गेलं. बाळाला छातीवर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर कुणीही डुलकी घ्यायची नाही. झोपेत हात सैल पडतो, बाळ खाचेत घसरतं, नाक दबतं, आणि इतक्या लहान बाळाला मान वळवून सुटता येत नाही. हे सगळं छापलेला इंग्रजी कागद त्यांनी दिला आणि या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारली.

आईंची पद्धत नेमकी हीच होती. मम्मीच्या वेताच्या आरामखुर्चीत बसायचं, नातीला छातीवर घ्यायचं आणि पाठीवर थोपटत राहायचं. ती तत्काळ झोपायची. जेवणानंतर थोड्या वेळाने आईही.

घरी आल्यावर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला दिला. “चष्मा घरी राहिला. तू वाच, मी ऐकते.”

मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले. उशी नको म्हटल्यावर त्यांनी भुवई वर केली. लोड नको म्हटल्यावर दुसरी. लाल रेघेशी आले तेव्हा दोन्ही भुवया वरच होत्या. कागदावर लिहिलं होतं ‘कधीही नाही’. माझ्या तोंडून आलं, “आणि खुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणं… शक्यतो टाळावं.”

“शक्यतो ना?”

“हो.”

“मग ठीक आहे,” म्हणून त्या आरामखुर्चीकडे वळल्या.

एका शब्दाने मी स्वतःवर दिवसभराची ड्युटी लावून घेतली. त्यांच्यासमोर मोढा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, टाकून मी बसायची. त्यांची मान खाली येऊ लागली की खोकायची, पाणी हवं का विचारायची, नाहीतर उगाच एखादा डबा पाडायची. एक शब्द बरोबर सांगितला असता तर मला झोपायला मिळालं असतं, हे कळत होतं. पण तो शब्द काही निघत नव्हता.

“माझ्या तोंडाकडे काय टक लावून बसतेस?” आईंनी एकदा विचारलंच. “सिरियल लागलीय का तिथे?”

“नाही आई. सहजच.”

“सहज म्हणे. जा, झोप जरा. डोळे बघ कसे झालेत.”

खालच्या काकूंनी मला असं बसलेलं दोनदा पाहिलं आणि मम्मीला जिन्यात गाठून सांगितलं, तुमच्या मुलीचा सासूवर किती जीव! मम्मीने मला डोळा मारला. तिला सगळं माहीत होतं. “तुझी सासू आहे, तूच सांग,” एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून बँकेत गेली.

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आईला मी सांगू? तिने मला शाळेत बाकावर उभं केलेलं आहे, माहितीये ना?” संध्याकाळी आम्हाला भेटायला आल्यावर तो स्वतःच लेकीला छातीवर घेऊन सोफ्यावर आडवा व्हायचा. त्याच्यासाठी मी दुसरा मोढा आणणार होते.

मग तो दिवस आला. दुपारचा एक वाजून गेला होता. जेवणात दहीभात होता, आणि दहीभातापुढे माझं खोकणं चालत नाही. मी लंगोट वाळत घालायला बाल्कनीत गेले, चार चिमटे लावले आणि परत आले.

आईंची हनुवटी छातीवर टेकली होती. डावा हात सुटून खाली लोंबत होता. लेक त्यांच्या छातीवरून घसरून दंड आणि खुर्चीचा हात यांच्यामधल्या खाचेत गेली होती. चेहरा आत होता. नाक पदरात.

मी पळाले की चालले, आठवत नाही. तिला उचलली तेव्हा तिने एक लांब श्वास घेतला, ओठ चाटले आणि माझ्या खांद्यावर पुन्हा झोपली. तिला काही झालं नव्हतं. आई जाग्या झाल्या नव्हत्या.

पाळण्याशी गेले तर आत थोरला. एका हाताने त्याला बाहेर काढलं. त्याला कुठे ठेवावं म्हणून मागे वळले तर आईंचा उजवा हात झोपेतच मांडीवर काहीतरी चाचपत होता. आता यापुढे मी जे केलं ते मुद्दाम केलं की नाही, हे मला अजूनही शपथेवर सांगता येणार नाही. मी थोरल्याला त्यांच्या मांडीत ठेवलं. हात लगेच त्याच्यावर स्थिरावला आणि थोपटू लागला.

मग मी लेकीला पाळण्यात पाठीवर ठेवलं. कदाचित गाढ झोपेत होती म्हणून, कदाचित माझी दया आली म्हणून, ती राहिली. सपाट. हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. पाच मिनिटं. दहा. तोपर्यंतचा आमचा विक्रम दीड मिनिटाचा होता.

अकराव्या मिनिटाला पाळण्यातून भोंगा लागला.

“उगी, उगी,” आई डोळे न उघडता म्हणाल्या आणि वरवंट्याला जोरात थोपटू लागल्या. “आहे ना मी. उगी गं माझी बाय.”

भोंगा वाढला. आईंनी थोपटणं वाढवलं. मग त्यांचा हात थांबला, बोटांनी टोपडं चाचपलं, आणि एक डोळा उघडला. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तोवर लेकीला उचलून घेतलं होतं, काहीतरी ढाल हवी म्हणून.

मला वाटलं, आता बाकावर उभं राहायचं.

“कधी घेतलीस तिला?”

“दहा मिनिटं झाली असतील.”

“मला कळलं नाही?”

“नाही.”

या वेळी माझं वाक्य इंग्रजीत तयार झालंच नाही. “आई, ती खुर्चीच्या हाताशी घसरली होती. तोंड आत होतं. तुमच्या पदरात. मी आत आले नसते तर…”

आई खुर्चीच्या त्या खाचेकडे वळल्या. तिथे त्यांनी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत. मग म्हणाल्या, “तो कागद आण.”

मी कागद आणला. त्यांनी पर्स उघडली आणि चष्मा काढला. चष्मा रोज त्या पर्समध्येच होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझं मराठी ऐकायचं होतं. एरवी तू बोलतेस कुठे?”

त्यांनी बोट ठेवून सगळा कागद वाचला. लाल रेघेवर बोट थांबलं.

“यात ‘शक्यतो’ कुठे आहे?”

मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“मी शोधतेय. दिसत नाही. तूच दाखव.”

“नाहीये आई.”

“मग कुठून आलं?”

“माझ्याकडून.”

“हं.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “भाषांतराला पाचपैकी दोन. एक हस्ताक्षराचा असतो, तोही तुला नाही.” मग आवाज खाली आला. “वेडे, माझ्याशी सभ्यपणा करायला तुझी मुलगी कशाला पणाला लावतेस? ओरडायचं. मी काय खाते तुला?”

मी रडले. आईंनी थोरला माझ्या हातात दिला, लेक आपल्याकडे घेतली आणि म्हणाल्या, “त्याला थोपट तू. तो ऐकून घेतो.”

त्या दिवसापासून पाळण्याचं काम त्यांनी ताब्यात घेतलं. लेकीला पाजून झालं की खांद्यावर उभी धरायची, फेऱ्या मारायच्या, खुर्ची बंद. ती पेंगली की तिचा हात उचलून सोडायचा. हात लगदा होऊन पडला तरच पाळण्याकडे जायचं. “हल्लू, हल्लू,” ऑटोवाल्याला सांगतात तशाच सुरात त्या मला सांगायच्या. “आधी पाय. मग बूड. मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी. तू तिला डोक्याकडून आपटतेस, कोण झोपेल?” मी आपटत नव्हते, पण डोक्याकडून ठेवत होते हे खरं. मग तिच्या छातीवर तळहात ठेवून त्या वाकून उभ्या राहायच्या, आणि हात एकेक बोट करून काढून घ्यायच्या.

ती रोज झोपली असं नाही. चार वेळा ठेवायची, तीन वेळा उचलायची. पण चौथ्यांदा वीस मिनिटं मिळायची, पुढच्या आठवड्यात कधी पाऊण तास. राईची उशी आईंनी माझ्या कपाटातून स्वतः शोधून काढली आणि घरी नेली. “राई चांगली आहे, फोडणीला होईल.”

पहिल्याच संध्याकाळी नवरा सवयीने लेकीला घेऊन सोफ्यावर लवंडला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो कागद त्याला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एकही ‘शक्यतो’ नव्हता. तो उठून उभाच राहिला. बाक तेवढा नव्हता.

थोरल्याला मम्मीने टोपडं काढून पाट्यावर नेला, चटणीसाठी. पाळणा आता रिकामा नव्हता, किंवा निदान दिवसातून तीन-चारदा तरी नसायचा. आईंनी हरकत घेतली नाही.

आरामखुर्चीवर त्या अजून बसतात. दुपारी नातीला मांडीवर घेऊन काहीबाही सांगत असतात. मी मोढा हलवला आहे. तो आता पाळण्याशेजारी असतो. बोलता बोलता त्यांचा आवाज जड झाला की त्या एकदम हात पुढे करतात, मग समोर खालच्या काकू बसलेल्या असोत नाहीतर कुणीही.

“घे गं हिला,” म्हणतात. “माझी थोरल्याची वेळ झाली.”