मशीन म्हणतं, गाडी ठणठणीत

नागपूरच्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. तेवढ्या वर्षांत डॉक्टरांचे मी दोनच प्रकार पाहिले. एक रिपोर्ट वाचणारे आणि दुसरे बाईला विचारणारे. रिपोर्ट चांगला आला की पहिला डॉक्टर बाईला घरी पाठवतो आणि दोन दिवसांनी ती कळवळत परत येते. दुसरा स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, कधी दुखतं, किती वेळ दुखतं, काय केलं की थांबतं. माझी सून वृंदा या दुसऱ्या जातीची आहे. फक्त ती माणसांची नाही, मोटारींची डॉक्टर आहे. हे मला कळायला २०११ सालचा दसरा उजाडावा लागला, आणि कळलं तेव्हा मी सपशेल तोंडावर आपटले होते.

वृंदाने पुण्यात ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी पाच वर्षं एका मोठ्या वर्कशॉपात नोकरी. बाकीच्यांनी हात टेकले की ती गाडी तिच्यापुढे उभी राहायची, असं तिचे वडील लग्नाच्या बैठकीत सांगत होते. मी ते एका कानाने ऐकलं होतं. २००८ साली माझा मुलगा चैतन्य नोकरीसाठी आयर्लंडला गेला, तिलाही घेऊन गेला, आणि तिथे तिच्या कागदावर शिक्का बसला, डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून, नोकरीची परवानगी नाही. पुढे काम करायची परवानगी मिळाली तेव्हा त्या देशात मंदी होती आणि गॅरेजं पटापट बंद पडत होती. जी उघडी होती तिथे तिने अर्ज केले. एकोणीस. सगळे गोड बोलायचे. "ग्रँड, फोन करतो," म्हणायचे. तिकडे छानला ग्रँड म्हणतात. फोन दोघांनीच केला, तोही रिसेप्शनवर बसशील का हे विचारायला. तिने दोघांनाही नाही म्हटलं.

२०११ साली मी तीन महिन्यांसाठी आयर्लंडला, त्यांच्या ल्यूकनच्या घरी गेले तेव्हा हे सगळं ऐकून माझं डोकंच फिरलं. चार घरं पलीकडे प्रभा नावाची मुंबईची बाई डबे करायची आणि तिचं छान चाललं होतं. मी रोज वृंदाला टोचायची. "तिच्यासारखं काही कर ना. ग्रीसमध्ये हात काळे काहून करून राहिली तू? बाईमाणसाला शोभते का?"

"आई, हात धुता येतात," ती म्हणायची आणि कणीक मळायला घ्यायची. उलट बोलत नसे. त्याचाही मला राग यायचा.

मग दसरा आला. घरासमोर गाडीची पूजा केली. झेंडू मिळाले नाहीत म्हणून दुकानातली पिवळी शेवंती आणली. वृंदाने बॉनेट उघडून इंजिनालाही हळदीकुंकू लावलं, अगदी मनापासून. मी नागपूरहून लाल कापडाची पुरचुंडी आणली होती, कुंकवात माखलेल्या अक्षता आणि एक सुपारी. नजर लागू नये म्हणून गाडीत बांधायची.

"इंजिनाजवळ काही बांधायचं नाही, आई," ती म्हणाली. "देवघरात ठेवू."

आता मी कुणाचं ऐकून घेणारी आहे का? ती नैवेद्य आणायला आत गेली, तेवढ्यात मी पुरचुंडी बॉनेटखालच्या पट्टीला बांधून टाकली आणि बॉनेट लावलं. वर स्वतःवर खूश झाले. चैतन्यलाही सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आठवड्याभरात मी ते विसरूनही गेले.

चैतन्य तेव्हा कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषधाच्या कारखान्यात कामाला होता. सोमवारी बसने जायचा, शुक्रवारी यायचा. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी वृंदा म्हणाली, चला, या शुक्रवारी आपणच त्याला आणू, तुमचं देश बघणं होईल. तासभर गाडी सुरेख पळाली. मग एका लांबलचक चढावर तिचा एकदम दम गेला. पाय दाबलेला, इंजिन चालू आणि गाडी आपली ढिम्म. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर येत होते. वृंदाने शांतपणे गाडी कडेला घेतली. दोन मिनिटं थांबलो, पुन्हा निघालो, तर गाडी जशी काही झालंच नाही अशी. वीस किलोमीटरवर पुन्हा तेच. समोर एकही लाल दिवा नाही. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

"आई, मागे धूर बघितलात? काळा होता ना?" तिने विचारलं. मला काय माहीत, माझे डोळे बंद होते.

घराजवळ क्लोनडॉकिनच्या औद्योगिक वसाहतीत डेकलन नावाच्या माणसाचं गॅरेज होतं. चैतन्य गाडी नेहमी त्याच्याकडेच द्यायचा. डेकलन पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याने स्टीअरिंगखाली मशीनची वायर खोचली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, एकही दोष नोंदलेला नाही. स्वतः गाडीतून वसाहतीला दोन फेऱ्या मारून आला. गाडी ग्रँड आहे म्हणाला. आम्ही घरी आलो. पुढच्या शनिवारी मोठ्या रस्त्यावर गाडी परत बसली. पुन्हा डेकलन, पुन्हा मशीन, पुन्हा ग्रँड. मला आमचे रिपोर्ट वाचणारे डॉक्टर आठवायला लागले.

वृंदाने एक वही केली होती. प्रत्येक वेळचं त्यात लिहायची. वेग किती, चढ की सपाट, वारा कुठून, किती मिनिटांनी दम गेला, किती मिनिटांनी आला. मलाही सोडलं नाही. "आई, आवाज जड झाला होता की बारीक? वास कसला आला?" पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात तशी तपासणी. मी आधी वैतागले, पण दुसऱ्या खेपेला मी आपणहून मागच्या काचेतून धूर बघत बसले होते. काळाच होता.

पहिल्या पानावर तिचे संशय होते. टाकीचं झाकण, डिझेलचा फिल्टर, कुठली तरी नळी. एकेक तपासून तिने एकेक खोडला होता. तिसऱ्या शुक्रवारी ती मला म्हणाली, "काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. हळू चालवली की कधीच होत नाही. जोरात श्वास घेतला की हिचं नाक बंद होतं, थांबलं की उघडतं. म्हणून मशीनला दिसत नाही. गॅरेजात आली की ही बरीच असते."

 एकतीस वर्षांत असं नीट निदान मी मोजक्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं.

तिसऱ्यांदा गॅरेजात गेलो तेव्हा डेकलन जरा कंटाळलेला होता. तो म्हणाला, कदाचित बाईसाहेब गिअर उशिरा बदलत असतील. वृंदाचे कान लाल झाले. ती म्हणाली, "इथेच, तुमच्या हत्यारांनी मला उघडू द्या." त्याचा ब्रेंडन नावाचा मेकॅनिक महिन्यापूर्वी ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता आणि त्याचं कामाचं टेबल रिकामं पडलं होतं. डेकलन अर्धवट गमतीने म्हणाला, "सापडलं तर सोमवारपासून ब्रेंडनचं टेबल तुझं."

"शब्द देताय?" तिने विचारलं.

त्याने हात पुढे केला, तिने तो धरला. तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. तीन वर्षं माझ्या मुलाच्या घरात जी कणीक मळत होती ती ही मुलगी नव्हतीच. विसाव्या दारावर ती उभी होती, आणि हे दार लागलं तर ती पुन्हा कुठलं ठोठावणार नाही, हे मला स्पष्ट कळलं.

तिने हवेच्या फिल्टरची पेटी उघडायला घेतली. डेकलन म्हणाला, तो नवा आहे, उन्हाळ्यात मीच बसवलाय. "तरी बघते," ती म्हणाली. झाकण निघालं. तिने आत बोट फिरवलं आणि तळहात उघडला. त्यावर चार तांदळाचे दाणे होते. लाल.

"उंदीर," डेकलन म्हणाला. "थंडी पडली की घुसतात."

वृंदाने दाण्यांकडे बघितलं आणि मग मान वळवून माझ्याकडे. विसरलेली पुरचुंडी मला आठवली.  वृंदा टॉर्च घेऊन वाकली, गाडीच्या पुढच्या दिव्याच्या मागे, वरून दिसत नव्हतं तिथे लांब चिमटा घातला आणि एक तेलकट, काळपट लाल चिंधी वर ओढून काढली. पुरचुंडी सुटून अक्षता सांडल्या होत्या, काही हवेबरोबर पेटीत ओढल्या गेल्या होत्या आणि रिकामं कापड एका टोकाला लोंबत होतं. तिने डेकलनला इंजिन चालू करून जोरात पळवायला सांगितलं आणि चिंधी हवा घ्यायच्या तोंडाजवळ नेली. ती फाट्‌कन तोंडावर जाऊन चिकटली. इंजिन कण्हलं, मागून काळा धूर आला. डेकलनने पाय काढला तशी चिंधी गळून पडली आणि इंजिन पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागलं.

डेकलन खाली उतरला. आधी हसला. मग त्या कापडाकडे, माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे, वृंदाकडे बघत त्याचं हसू हळूहळू गेलं. "हे तुमच्या पूजेचं आहे ना?" तो म्हणाला. "म्हणजे तुम्हीच ठेवलेलं. तुला ठाऊक होतं कुठे बघायचं."

"मला माहीत नव्हतं," वृंदा म्हणाली. एवढंच. कुणी बांधलं ते तिने सांगितलं नाही. डेकलनने हाताची घडी घातली.

मी तिच्या जागी असते तर सासूचं नाव पहिल्या झटक्यात सांगितलं असतं. ती माझी लाज राखत होती आणि त्या पायी तिची नोकरी चालली होती. मी पुढे झाले. माझं इंग्रजी ड्यूटीपुरतं. म्हटलं, "मिस्टर डेकलन, आय टाय. शी से नो. शी गो इनसाइड, आय टाय. शी नॉट नो." आणि तिच्या पर्समधली वही काढून त्याच्या हातात दिली. वही इंग्रजीत होती. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. खोडलेले संशय, तारखा, चढ, धूर. माहीत असतं तर तीन आठवडे टाकीच्या झाकणामागे कोण लागलं असतं? हे मला इंग्रजीत म्हणता आलं नाही, पण त्याला वाचता आलं.

वही मिटून त्याने बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या व्हॅनकडे बोट दाखवलं. आरशाला देवाचं एक पदक लटकत होतं. "माझ्या आईने लावलंय," तो म्हणाला. "मीही नको म्हणालो होतो." मग वृंदाकडे वळून म्हणाला, "सोमवारी आठ वाजता. जाड बूट घालून ये."

घरी येताना मी तिची माफी मागितली. रडलेही, लपवत कशाला. "चुकलंच माझं, बाई. इतके दिवस तुले ओळखलंच नाही मी," म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही धूर नीट बघितलात म्हणून तर सापडलं." 

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असताना मी वही उघडून शेवटचं पान बघितलं. तिने लिहिलं होतं, कारण: हवेच्या तोंडाशी कापड. कुणी बांधलं, कसं आलं, काही नाही. माझं नाव तिने तिथेही येऊ दिलं नव्हतं.

आज त्याला दोन वर्षं होतील. ब्रेंडनच्या टेबलावर आता वृंदाचं नाव आहे, आणि मशीनला न सापडणाऱ्या गाड्या लांबलांबून तिच्याकडे येतात. नागपुरात कुणी विचारलं, सून तिकडे काय करते, तर पूर्वी मी म्हणायची, घर बघते. आता म्हणते, मोटारी दुरुस्त करते, आणि समोरचा ऐकत असेल तर सगळी हकिगत सांगते. तिच्या वहीत जे नाव नाही, ते मीच इथे लिहून ठेवते. ते कापड मी, सरलाने बांधलं होतं, आणि ते माझ्या सुनेने शोधून काढलं.