कॉर्बिन स्ट्रीटची एकसष्ट कार्डे

दिनांक ३ ऑक्टोबर १९७८ रोजी महापालिकेच्या दफ्तरखान्याने एर्नेस्टीन पेटिफर्ड यांची एकसष्ट कार्डे स्वीकारण्यास नकार दिला. लेखी कारण: ‘खासगी कागद’.

पेटिफर्डबाई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्री करत. कॉर्बिन स्ट्रीटवरील आम्हा कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मंडळाच्या त्या अखेरपर्यंत अध्यक्ष होत्या. निवडणूक झाल्याचे मला स्मरत नाही. दरवर्षी एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी त्या दारोदार फिरून घराघरांतली अडगळ फुटपाथवर काढायला लावत. सोमवारी कचऱ्याची गाडी ती नेई.

१९५७ साली नेमक्या त्याच शनिवारी नगररचना खात्याचा निरीक्षक मोटारीतून गल्ली पाहून गेला. पुढे नकाशावर आमची वस्ती ‘जीर्ण’ ठरली आणि तेथून महामार्ग नेण्याचे ठरले.

सुनावणीत अधिकारी म्हणाले, “बाई, प्रत्येक घरापुढे फाटक्या गाद्या होत्या.”

“होत्याच की. मीच काढायला लावल्या. तुमचे साहेब खाली उतरले असते, तर एक टोक त्यांनाही धरायला दिलं असतं.”

“गोऱ्यांच्या वस्तीत असं दिसत नाही.”

“त्यांच्याकडे गाडी आठवड्यातून दोनदा येते. आमच्याकडे बोलावल्यावर येते.”

त्यानंतर बाईंनी प्रत्येक घरात शिरून एकेक कार्ड भरले. आमच्या घराचे असे: ‘छप्पर नवे. नळ ठीक. मुलगी फार वाद घालते.’ बुटांच्या खोक्यातली ती कार्डे कोणत्याही अधिकाऱ्याने उघडून पाहिली नाहीत. १९६० साली गल्ली पाडली.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या आणि खोके माझ्याकडे आले. मी शाळेत इतिहास शिकवते. म्हणून निरीक्षकाचा मूळ तक्ता शोधून काढला. एकसष्ट घरांची पाहणी, वेळ अकरा मिनिटे. तो तक्ता दफ्तरखान्यात जपून ठेवला आहे. शहराच्या नव्या इतिहासग्रंथासाठी कॉर्बिन स्ट्रीटविषयी तेवढाच पुरावा वापरला जाणार आहे.

“मॅडम, कार्डांवर शिक्का नाही,” कारकून म्हणाला.

“शिक्केवाले मोटारीतून उतरले नव्हते.”

“ते माझ्या जन्माआधीचं असेल.”

मी नियम वाचले. दुसऱ्याचे कागद नाकारता येतात; स्वतःच्या घराविषयी नागरिकाने आणलेला कागद मात्र दाखल करून घ्यावाच लागतो.

तेव्हा कॉर्बिन स्ट्रीटवर राहिलेल्या वाचकांनी ९ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता दफ्तरखान्याच्या दारापाशी यावे, माझ्याकडून आपल्या घराचे कार्ड घ्यावे, ते स्वतः दाखल करावे आणि पोचपावती मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नये.