कपाटातला राउटर

डांबरगोळ्यांचा वास आला, की मला आमचा पहिला वायरलेस राउटर आठवतो. तेव्हा हिंगोलीच्या आमच्या घरी इंटरनेट होतं ते वायरीनं, बैठकीतल्या कॉम्प्युटरपुरतं. बायको पाय मोडून आतल्या खोलीत पडून होती, त्यामुळे मुलगी बाळंतपणाला माहेरी न येता पुण्यात सासरीच राहिली. नातीचं बारसं बायकोला निदान खाटेवरून दिसावं, म्हणून मी लॅपटॉप आणि राउटर आणला. उंदरांनी कुरतडू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात साड्यांशेजारी ठेवला, वायरींसाठी मापून भोक पाडलं आणि कुलूप लावलं. बारशाची वेळ झाली, तरी खाटेपाशी काहीच दिसेना. मी फोनवर दुकानदाराला फैलावर घेऊ लागलो, तशी बायको म्हणाली, "अवो, डागिना हाय का त्यो? कोंडून काहून ठेवला? उघडा की!" कपाट उघडलं आणि लॅपटॉपवर पाळणा दिसला. तिनं पडल्या पडल्याच पाळणागीत सुरू केलं. आवाज तिकडे जरा उशिरा पोचत होता, तरी पुण्याच्या बायका तिच्याच सुरावर दोरी ओढत राहिल्या. नात आता कॉलेजात जाते. तिच्या बारशाला कोण कोण होतं असा विषय निघाला, की बायको पहिलं नाव स्वतःचं सांगते.